गेणबाच्या गाडीचं झाकण

बायको दयाबाई गेल्यावर अब्राहाम उजागरे यांनी बोलणं जवळजवळ सोडलंच. शिरूरच्या जुन्या मिशन आवारात, चर्चच्या मागं त्यांचं तीन खोल्यांचं कौलारू घर. सकाळी उठायचं, अंगणातला पाला झाडायचा, पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचा आणि मग खिडकीपाशी खुर्ची ओढून बसून राहायचं. मुलगी फेथ शिक्रापूरच्या एका दवाखान्यात नर्स होती. ड्यूटीवरून आली की ती विचारायची, "पप्पा, आज कोण आलं होतं?"

"कोण येणार?" असं म्हणून ते पुन्हा खिडकीबाहेर बघायचे.

चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. तरुणपणी नऊ वर्षं फौजेत रणगाड्यावर काढलेली, त्यानंतर पाटसच्या साखर कारखान्यात फिटर म्हणून सगळी उमर गेलेली. हाताला काम नसलं तर हे असेच वाळत जाणार, हे फेथला दिसत होतं. दवाखान्यातल्या एका डॉक्टरांच्या टेबलावर तिनं प्लास्टिकचं छोटं विमान पाहिलं होतं. सुटे भाग आणून त्यांनी ते स्वतः जोडलेलं होतं. तिनं चौकशी केली, मोबाईलवर शोधलं आणि वडलांना न विचारताच एक खोका मागवला. रणगाड्याचा. खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाचा.

खोका आला त्या दिवशी अब्राहामनी वरचं चित्र बराच वेळ पाहिलं. हिरव्यागार कुरणातून चाललेला रणगाडा, मागं परदेशातली लाल छपरांची घरं.

"सेंच्युरियन," ते म्हणाले.

"हाच होता ना तुमचा? मी मोबाईलवर फोटो जुळवून बघितला."

"हाच. पण असा नव्हता."

एवढं म्हणून त्यांनी खोका कपाटावर ठेवून दिला. फेथला वाटलं, फुकट गेलं सगळं.

दर रविवारी चर्चहून आल्यावर अब्राहामांचा एक फोन ठरलेला असायचा, दौंड तालुक्यातल्या राहूला, म्हस्कू कोंडे यांना. म्हस्कूचा थोरला भाऊ गेणबा अब्राहामांच्या रणगाड्याचा ड्रायव्हर होता. एकाहत्तरच्या लढाईत तो गेला. त्याची काळी ट्रंक घेऊन अब्राहाम पहिल्यांदा राहूला गेले तेव्हा म्हस्कू बारा वर्षांचा होता. त्या दिवसापासून तो अब्राहामांना दादा म्हणू लागला आणि आज पासष्टीला आला तरी दादाच म्हणत होता. दर डिसेंबरात, गेणबाच्या तिथीला, अब्राहाम राहूला जायचे आणि त्या घरात थोरल्या भावाच्या पाटावर बसून जेवायचे. दयाबाई होत्या तोवर त्याही बरोबर असायच्या.

त्या रविवारी बोलता बोलता खोक्याचा विषय निघाला. म्हस्कूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, त्यो जोडा तुमी. मला हातात द्या. गाडीचा फोटू तर कवाच न्हवता, आन् आता आसता तरी काय उपेग? डोळं गेलं, पर बोटं हायती की. गेणादादाची गाडी कशी व्हती, येकदा हात लावून बघू द्या."

काचबिंदूनं म्हस्कूची नजर पाच वर्षांपूर्वीच गेली होती.

दुसऱ्या दिवशी फेथ कामावरून आली तर जेवणाच्या टेबलावर जुना पेपर पसरलेला, त्यावर दाढीचं ब्लेड, नखं घासायची कानस, पॉलिश पेपरचे तुकडे, मेणबत्ती, आणि खोक्यातले सगळे भाग ओळीनं मांडलेले. अब्राहामांनी सूचनांचा कागद मात्र घडी करून बाजूला ठेवून दिला होता.

"हे कागदावर आहे तसं करायचं नाही," ते म्हणाले. "हे पुढचं मॉडेल आहे, आमच्या वेळचं नाही. ह्यांनी दिवे चुकीच्या जागी लावलेत. मागची ही टाकी आम्हाला नव्हती. आणि ह्या बाजूचे पत्रे बघ, सगळे सरळ. आमचा उजवीकडचा पहिला पत्रा गायबच होता. गेणबानं एका पुलाच्या कठड्याला घासून तो उडवला होता. दोन दिवस साहेबाची बोलणी खाल्ली."

इतकं सलग बोलणं फेथनं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. ती तशीच पर्स खांद्याला लावून ऐकत उभी राहिली.

पुढचे दोन महिने ते टेबल जेवायला मिळालं नाही. मागची टाकी कापून काढली, तिथली भोकं एम-सीलनं बुजवली, वाळल्यावर घासून सपाट केली. दिवे उपटून दोन सूत आत घेतले. भाग ज्या प्लास्टिकच्या काड्यांना चिकटून आलेले असतात, त्यातली एक काडी मेणबत्तीवर धरून हळूच ओढली की केसासारखी तार निघते. त्याची त्यांनी वायरलेसची एरियल केली. फेथकडून दवाखान्यातली जाळीची पट्टी मागून घेतली, ती चहाच्या पाण्यात बुडवून वाळवली, आणि झाली रणगाड्यावर टाकायची जाळी. गेणबा मागच्या बाजूला एक बादली टांगायचा. तो अंघोळीचा फार शौकीन, लढाईतसुद्धा पाणी दिसलं की बादली बुडवायचा. औषधाच्या बाटलीच्या ॲल्युमिनियमच्या झाकणातून त्यांनी नखाएवढी बादली केली आणि तिला तारेची कडी लावली.

गेणबाबद्दल फेथला जे कळलं ते सगळं ह्या दोन महिन्यांत. राहूत एका बागायतदाराकडं गावातला पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा तो चालवायला गेणबाच शिकला, आणि त्या जोरावर फौजेत ड्रायव्हर झाला. नगरच्या ट्रेनिंगला दोघांची कॉट शेजारी शेजारी. नाताळला तो अब्राहामांबरोबर सरळ चर्चमध्ये येऊन बसायचा. गाणी सगळ्यांत मोठ्यानं म्हणायचा, एक शब्द येत नसला तरी. सरहद्द ओलांडली आणि पलीकडं उसाची रानं लागली, तेव्हा इंजिनच्या आवाजावर ओरडून म्हणाला होता, "आब्रा, वास बघ! आपलाच ऊस हाय की रं!"

हे सांगताना अब्राहाम हसायचे. मग हसता हसता थांबायचे आणि कानस उचलायचे.

सगळं झालं, फक्त ड्रायव्हरचं झाकण राहिलं.

रणगाड्याच्या पुढच्या अंगाला, उजवीकडं, ड्रायव्हर बसतो. त्याच्या डोक्यावर दोन फळ्यांचं लोखंडी झाकण असतं. खोक्यातल्या मॉडेलला ते उघडत नव्हतं. कंपनीनं वरच्या पत्र्यातच ते बंद स्थितीत ओतलेलं होतं, नुसत्या रेघा उठवलेल्या. तसंच ठेवलं असतं तर कुणी काही म्हटलं नसतं. अब्राहाम तीन-चार दिवस त्याच्याकडं बघत राहिले. एका दुपारी घरात कुणी नसताना त्यांनी बारीक ड्रिल घेतलं, हातानंच ते फिरवत रेघेवर एकापुढं एक भोकं पाडली आणि मग ब्लेडनं भोकांमधलं प्लास्टिक कापायला लागले.

अर्धं कापून झाल्यावर त्यांनी ब्लेड खाली ठेवलं. 

एकाहत्तरच्या डिसेंबरातली धुक्याची सकाळ होती. उजवीकडच्या झाडीतून गोळे येत होते. अब्राहाम तोफेवर. त्यांनी तोफ उजवीकडं वळवली, खाली झुकवली, आणि दोन गोळे टाकले. तिसऱ्याच्या आधी त्यांच्याच गाडीला एक बसला. आत धूर, कानात नुसती शिट्टी, वर कमांडर साहेब निपचित. वीज गेली. आग दिसली. गोळे भरणारा लोडर ओरडला, "निकल! निकल!" अब्राहाम वरच्या झाकणातून बाहेर पडले आणि जमिनीवर उडी मारली.

मग त्यांना ठोकल्याचा आवाज आला. आतून. ड्रायव्हरच्या झाकणावर.

तोफेची नळी बरोबर त्या झाकणावर आली होती. ती तिथं असेल तर झाकण उघडत नाही, हे रणगाड्यावरच्या प्रत्येक माणसाला पहिल्या आठवड्यात शिकवतात. उतरायच्या आधी तोफ बाजूला करायची. वीज नसेल तर हातानं दांडा फिरवायचा. दहा-बारा वेढे पुरले असते. गेणबाला मागून टरेटमध्ये, तोफेच्या फिरत्या घुमटात, यायला वाट नव्हती, तिथं आग होती. अब्राहाम पुन्हा वर चढायला धावले. लोडरनं त्यांना पाठीमागून कवेत धरलं आणि चारीत ओढलं. ठोकणं चालूच होतं. मग आतले गोळे फुटायला लागले.

फौजेच्या कागदात लिहिलं गेलं की तोफगोळा लागून जागीच मृत्यू. ट्रंक घेऊन राहूला गेले तेव्हा गेणबाच्या आईनं त्यांचे दोन्ही हात धरून एकच विचारलं होतं, "आब्राम, खरं सांग. लेकराला लई तरास झाला का रं?"

"नाही आई," बावीस वर्षांच्या अब्राहामांनी सांगितलं होतं. "त्याला कळलंसुद्धा नाही."

म्हातारीनं त्यांच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्यानंतर ती एकोणीस वर्षं जगली, आणि दरवर्षी त्यांना वाढताना म्हणायची, "देवानं त्याला येक ग्वाष्ट चांगली दिली बघ. तरास न्हाई दिला." दयाबाईंनासुद्धा अब्राहामांनी खरं सांगितलं नव्हतं.

दुपारी चारपर्यंत झाकणाचे दोन्ही तुकडे सुटे झाले. त्यांनी ते घासले, टाचणीच्या तुकड्यांच्या बिजागऱ्या केल्या आणि बसवले. नखानं उचललं की उघडायचं. ते त्यांनी उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आत ड्रायव्हरच्या जागेत बसवायला काही नव्हतं, नुसता काळा पोकळ डबा.

तोफेसकट वरचा भाग फिरता होता. तो डावीकडं तोंड करून कायमचा चिकटवून टाकायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. मग नळी झाकणावर कधी येणारच नाही. राहूला निघायच्या सकाळी त्यांनी गोंदाची ट्यूब हातात घेतली, टोपण काढलं, आणि परत लावून ठेवलं. का, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

चपलांच्या खोक्यात कापूस घालून फेथनं रणगाडा ठेवला. शिक्रापूरपर्यंत एसटी, तिथून तळेगाव ढमढेऱ्यावरून भीमेचा पूल ओलांडत दुसऱ्या गाडीनं दोघं राहूला पोचले. मार्च लागला होता. म्हस्कू ओसरीवर पायजमा-बंडीत वाट बघत बसला होता. त्याची नात राजनंदिनी, दौंडला कॉलेजला जाणारी, पाणी घेऊन आली.

"आलं का दादा? द्या, आधी द्या. च्या-पानी मागनं."

म्हस्कूनं मांडीवर टॉवेल पसरला आणि रणगाडा दोन्ही हातांनी घेतला. आधी नुसता तोलून पाहिला. मग त्याची बोटं सावकाश फिरायला लागली. अब्राहाम शेजारी बसून सांगत गेले: ही चाकं, हा पट्टा, हे इंजिन मागं. उडालेल्या पत्र्याच्या जागी बोट थांबलं तेव्हा पुलाच्या कठड्याची गोष्ट ऐकून म्हस्कू खो खो हसला. "आसाच! बैलगाडी बी आसाच घासायचा त्यो. आबा शिव्या द्यायचे." बादली सापडली तेव्हा मात्र त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. ती नखाएवढी बादली तो कितीतरी वेळ चिमटीत धरून बसला.

"आन् गेणादादा कुठं बसायचा?"

अब्राहामनी त्याचं बोट धरून झाकणावर नेलं. म्हस्कूनं दोन्ही फळ्या उघडल्या. करंगळीचं टोक आत घातलं.

"हितं व्हय? येवढ्याशा जागंत?"

"हो."

म्हस्कूचा दुसरा हात तोफेवर होता. नळी चाचपत त्यानं ती हलवून पाहिली. "ही फिरती वाटतं?" आणि त्यानं ती फिरवली. नळी डावीकडून पुढं आली, उजवीकडं गेली आणि उघड्या फळीला टक्क करून अडली. म्हस्कूनं फळ्या मिटल्या, नळी त्यावर आणली, आणि पुन्हा फळ्या उचलायला गेला. उचलल्या नाहीत. त्यानं जरा जोर लावला. मग सोडून दिलं.

"दादा," तो म्हणाला, "ही वर आसली तर ह्ये उघडत न्हाई."

"नाही उघडत."

"मंग मानूस भाईर कसा यायचा?"

फेथनं वडलांकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता. तिला वाटलं चक्कर आली असावी, ती उठायला लागली, तर त्यांनी हातानंच तिला बसायची खूण केली.

"यायचा नाही, म्हस्कू," ते म्हणाले. "तो बाहेर आलाच नाही."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कुठंही न थांबता, कुठंही स्वतःला न वाचवता. दांडा फिरवायचा राहिला ते, उडी मारली ते, ठोकण्याचा आवाज. आईला खोटं सांगितलं ते. राजनंदिनी चहाचे कप घेऊन दारातच उभी राहिली होती.

सांगून झालं. रस्त्यावरून एक मोटरसायकल गेली. म्हस्कूची मान खाली होती आणि हात रणगाड्यावर तसेच होते.

"किती येळ?" त्यानं विचारलं.

"काय?"

"ठोकत किती येळ व्हता?"

अब्राहामना उत्तर माहीत होतं. "दोन-तीन मिनिटं असतील," ते म्हणाले. "जास्त नाही."

"दोन-तीन मिंटं." म्हस्कूनं मान हलवली. "आई मरताना म्हनली, गेणा जसा गेला तसं मला मरान यावं. बिनतरासाचं." त्यानं झाकणावरून बोट फिरवलं. "तिला सांगितलं न्हाई ह्ये बरं केलंसा. पर मग मला तरी कशाला सांगितलं, दादा? तुमी पन्नास वरसं येकट्यानं वागवलंत. आता मी कुनाला सांगू?"

 अब्राहाम रडले नाहीत. नुसते बसून राहिले, हात गुडघ्यांवर ठेवून. शेवटी म्हस्कूच उठला. रणगाडा काखेला लावून, भिंत चाचपत आत गेला. जाताना म्हणाला, "नंदे, ह्यास्नी जेवू घाल. मला भूक न्हाई."

ते जेवले नाहीत. परतीच्या गाडीत फेथनं वडलांचा हात हातात घेतला. तो त्यांनी काढून घेतला नाही, पण धरलाही नाही.

पुढच्या रविवारी अब्राहामनी फोन लावला. राजनंदिनीनं उचलला. "आजोबा, आण्णा झोपलेत," ती म्हणाली. म्हस्कूला घरात आण्णाच म्हणत. त्याच्या पुढच्या रविवारी आण्णा मळ्यात गेले होते. आंधळा माणूस एकटा मळ्यात कसा जाईल, हे न विचारता अब्राहामनी फोन ठेवला. त्यानंतर त्यांनी फोन करणं सोडलं. रविवारी चर्चहून आले की ते मोबाईल टेबलावर ठेवायचे आणि समोर बसायचे. तो वाजायचा नाही. फेथनं एकदा न राहवून म्हटलं, "पप्पा, सांगून मोकळं तर वाटलं असेल ना?"

"मोकळं कसलं," ते म्हणाले. "तो एक भाऊ राहिला होता, तोही घालवला."

असे नऊ महिने गेले. उन्हाळ्यात त्यांना एकदा दवाखान्यात ठेवावं लागलं, छातीत पाणी झालं म्हणून. त्यातून उठले, पण काठी लागली.

डिसेंबर आला. गेणबाच्या तिथीच्या आदल्या दिवशी फेथनं काही विचारलं नाही. सकाळी उठून बघते तर पप्पा अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून दारात बसलेले.

"बोलावलंय का त्यांनी?"

"बोलवत कधीच नव्हते. मी जायचो."

ती बरोबर यायला निघाली, तर नको म्हणाले. एकटेच काठी टेकत स्टँडवर गेले.

राहूत शिरताना रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागली होती. म्हस्कूच्या ओसरीपाशी येऊन अब्राहाम उभे राहिले. म्हस्कू तिथंच बसलेला होता. चपलांचा आवाज आणि नवी काठी ऐकून त्यानं कान टवकारले.

"कोन हाय?"

"मी, अब्राहाम."

म्हस्कू जरा ताठ बसला. मग आत तोंड करून म्हणाला, "नंदे, पाट मांड."

दोघं शेजारी शेजारी जेवले. भाकरी, वांग्याची भाजी, गेणबाला आवडायचे म्हणून दरवर्षी होणारे तिळाचे लाडू. देवळीत आईचा फोटो होता, हार घातलेला. रणगाडा कुठं दिसला नाही, आणि अब्राहामनी विचारलंही नाही. जेवताना म्हस्कूनं पावसाचं विचारलं, फेथचं विचारलं, काठी कधीपासून लागली ते विचारलं. एकदाही दादा म्हटलं नाही.

हात धुऊन निघताना अब्राहाम ओसरीच्या पायरीवर थांबले. "म्हस्कू," ते म्हणाले आणि काठीवर दोन्ही हात टेकले.

म्हस्कूचं तोंड देवळीच्या दिशेला होतं. "रोज सकाळी मी आईशी बोलतो," तो म्हणाला. "पीकपान्याचं, नंदीच्या कॉलेजचं, समदं सांगतो. त्ये सोडून."

"बरं," अब्राहाम म्हणाले.

"फुडल्या साली येनार का?"

"असलो तर येईन."

"या," म्हस्कू म्हणाला, आणि पायरी उतरताना त्यांना आधार द्यायला त्यानं हात पुढं केला. तो जरा चुकीच्या बाजूला गेला. अब्राहामनी काठी दुसऱ्या हातात घेतली आणि तो धरला.